छतावरील सौर वीजसंच बंद करण्याचे सुरक्षा नियम

छतावरील सौर वीजसंच बंद करण्याचे सुरक्षा नियम म्हणजे घर, दुकान, शाळा किंवा कार्यालय यांच्या छतावर बसवलेला व लघुदाब वाहिनीला जोडलेला सौर वीजसंच कोणत्या प्रसंगी आपोआप बंद पडला पाहिजे, कोणत्या प्रसंगी तो हाताने बंद करता आला पाहिजे आणि बंद केल्यानंतरही त्याचा कोणता भाग जिवंत राहतो, याविषयीचे कायदेशीर व तांत्रिक दंडक होत. महाराष्ट्रात हे दंडक मुख्यतः केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे छतावरील निर्मितीविषयीचे विनियम आणि भारतीय मानक ब्युरोची मानके यांतून आले आहेत. या नियमांमागे दोन वेगवेगळी भये आहेत. एक खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवाचे, आणि दुसरे छतावर चढणाऱ्या माणसाच्या जिवाचे. मग तो घरमालक असो, दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ असो की अग्निशामक दलाचा जवान. पहिल्या भयाची तजवीज भारतीय नियमांत बरीच तपशीलवार आढळते. दुसऱ्याची तजवीज त्या मानाने विखुरलेली असून ती पुष्कळ अंशी संच बसवणाऱ्याच्या कसबावर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्हा (२०२३ पूर्वीचे अधिकृत नाव उस्मानाबाद) मराठवाड्याच्या नैर्ऋत्य भागात बालाघाटच्या पठारावर वसलेला असून त्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. कमी पाऊस, निरभ्र आकाशाचे पुष्कळ दिवस आणि विरळ वस्ती यांमुळे हा भाग सौर निर्मितीस अनुकूल मानला जातो. येथील वीजवितरण महावितरण ही शासकीय कंपनी करते.

छताच्या प्रकाराचा या विषयाशी थेट संबंध आहे. जिल्ह्यातील जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची व वर मातीचे माळवद असलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपात उमरगा-लोहारा परिसरातील अशा घरांनी हजारो माणसे गाडली. त्यानंतरच्या पुनर्वसनात आणि पुढील बांधकामांत माळवदांची जागा काँक्रीटच्या स्लॅबने व पत्र्यांनी घेतली. सौर पॅनेल आज याच दोन प्रकारच्या छतांवर बसतात. स्लॅबवरून चालत जाऊन पॅनेलपर्यंत पोहोचता येते. पत्र्यावर पाय ठेवताना तोल आणि पत्रा दोन्ही सांभाळावे लागतात. शिवाय पत्रा स्वतःच विद्युतवाहक असल्याने सोललेल्या केबलचा त्यास स्पर्श झाला तर सगळे छत विजेखाली येऊ शकते.

१५ मेगावॅटची शेतातली उभारणी आणि ३ किलोवॅटचा घरगुती संच यांत मूलभूत फरक हा की पहिल्याभोवती कुंपण असते व आत प्रशिक्षित माणसे असतात, तर दुसऱ्याखाली एक कुटुंब राहते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत देशातील १ कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचास कमाल ७८,००० रुपये अनुदान दिले जाते. या योजनेमुळे छतावरील संच शहरांच्या बंगल्यांपुरता न राहता तालुक्याच्या गावांत व खेड्यांतही पोहोचला, आणि त्याबरोबर तो बंद कसा करायचा हा प्रश्नही पोहोचला.

‘लघुदाब’ शब्दाचा अर्थ

वीजक्षेत्रात लघुदाब ही सापेक्ष संज्ञा आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत प्रत्यावर्ती म्हणजे एसी विजेसाठी १,००० व्होल्टपर्यंत आणि एकदिश म्हणजे डीसी विजेसाठी १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब लघुदाब गणला जातो. घरात येणारा २३० व्होल्टचा पुरवठा लघुदाबाचा आहे, आणि छतावरून उतरणारा ३०० वा ६०० व्होल्टचा डीसी पुरवठाही लघुदाबाचाच आहे. दोन्ही माणसाला मारण्यास पुरेसे आहेत. ‘लघु’ हे विशेषण ११,००० वा ३३,००० व्होल्टच्या वाहिन्यांच्या तुलनेत लावलेले असून त्यातून सुरक्षिततेचा बोध घेणे चुकीचे ठरते.

अगदी निर्धोक मानला जाणारा दाब याहून पुष्कळ खाली असतो. ५४० वॅट क्षमतेच्या एका पॅनेलचा खुल्या परिपथातील दाब साधारण ४९ ते ५० व्होल्ट असतो, म्हणजे एकटे पॅनेल हाताळताना धोका मर्यादित राहतो. परंतु अशी सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की मालिकेच्या टोकांशी सुमारे ३०० व्होल्ट उभे राहतात आणि साधारण ३ किलोवॅटचा घरगुती संच तयार होतो. थंडीत हा दाब आणखी वाढतो, कारण पॅनेलचे तापमान जितके कमी तितका त्याचा दाब अधिक.

सूर्य हा न बंद होणारा स्रोत

घराचा वीजपुरवठा बंद करायचा असेल तर मुख्य स्विच खाली करणे पुरते. सौर पॅनेलला असा मुख्य स्विच नाही. प्रकाश पडत आहे तोवर पॅनेलच्या टोकांशी दाब असतोच. ढगाळ हवेत विद्युतप्रवाह खूप घटतो, पण दाब जवळजवळ पूर्ण राहतो. ‘आज ऊन नाही, म्हणून तारेला हात लावायला हरकत नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. इन्व्हर्टर बंद केला तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा दिवसभर जिवंत असतात. डीसी आयसोलेटर बंद केल्यास आयसोलेटरपलीकडचा भाग मोकळा होतो, परंतु छतापासून आयसोलेटरपर्यंतचा भाग तसाच राहतो. संच बंद केला या वाक्याचा अर्थ म्हणून नेहमीच अपुरा असतो. कोणत्या बिंदूपर्यंत बंद केला, हे सांगावे लागते.

याला जोडून आणखी दोन गोष्टी येतात. एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी बहुधा आपोआप विझते. डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. त्यामुळे चालू भारात सैल झालेल्या किंवा उपटलेल्या जोडाच्या दोन टोकांत ज्योतीसारखी अखंड ठिणगी पेटून राहू शकते. पॅनेलच्या तारांना जोडणारे एमसी-४ प्रकारचे कनेक्टर चालू भारात उघडू नयेत अशी सूचना त्यावरच कोरलेली असते, तिचे कारण हे. घरगुती वापराचा एसी ब्रेकर डीसी बाजूला बसवणे हीसुद्धा याच कारणाने गंभीर चूक ठरते.

दुसरी गोष्ट फ्यूजची. नेहमीच्या पुरवठ्यात दोन तारा एकमेकींना भिडल्या तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. पॅनेलचा लघुपरिपथ प्रवाह मात्र नेहमीच्या प्रवाहाहून थोडासाच अधिक असतो. एका मालिकेच्या तारा भिडल्या तरी फ्यूजला त्यात वावगे असे काही जाणवत नाही, आणि दोष सूर्य मावळेपर्यंत निवांत चालू राहतो. म्हणून सौरसंचात दोष ओळखण्याचे काम इन्व्हर्टरकडे दिलेले असते. मानकांनुसार इन्व्हर्टर रोज सुरू होण्यापूर्वी डीसी तारा व जमीन यांमधील रोधन तपासतो. चालू असताना गळतीचा प्रवाह ३० किलोव्होल्ट-अँपिअरपर्यंतच्या इन्व्हर्टरमध्ये ३०० मिलिअँपिअरच्या वर गेला तर, किंवा त्यात अचानक ३० मिलिअँपिअरची उडी आली तर, संच बंद करणे अपेक्षित असते. ही दुसरी अट माणसाच्या स्पर्शासाठी आहे.

वितरणजाळ्याच्या बाजूचे नियम

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ खाली सुरक्षेचे दंडक ठरवण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे. वितरित निर्मितीच्या जोडणीसाठी प्राधिकरणाने २०१३ मध्ये स्वतंत्र विनियम केले व २०१९ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यांतील बंद होण्याविषयीच्या तरतुदी आकड्यांत सांगितलेल्या आहेत. पुरवठ्याचा दाब नेमलेल्या दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा ८० टक्क्यांखाली आला, तर संचाने २ सेकंदांच्या आत जाळ्यापासून अलग व्हावे. घरगुती २३० व्होल्टच्या हिशेबाने या मर्यादा २५३ व १८४ व्होल्ट येतात. वारंवारिता ५०.५ हर्ट्झच्या वर किंवा ४७.५ हर्ट्झच्या खाली गेली, तर ०.२ सेकंदांत अलग व्हावे. वितरण कंपनीस याहून अरुंद मर्यादा घालून देता येतात. वाहिनी मृत झाल्यावर संचाने तीत वीज सोडू नये, आणि पुरवठा परतल्यानंतर दाब व वारंवारिता किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याखेरीज पुन्हा जोडून घेऊ नये, असेही विनियम सांगतात. वीज आल्यावर सौर इन्व्हर्टर लगेच सुरू का होत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर या शेवटच्या तरतुदीत आहे.

आपोआप होणाऱ्या या क्रियांखेरीज हाताने चालवायचा एक विलगक स्विचही अनिवार्य आहे. तो उघडला असल्याचे डोळ्यांनी दिसले पाहिजे, उघड्या स्थितीत त्यास कुलूप लावता आले पाहिजे, आणि कंपनीच्या माणसाला चोवीस तासांत केव्हाही, मालकाची परवानगी न घेता, तेथे लवकर पोहोचता आले पाहिजे. त्याच विनियमांत हा स्विच जमिनीपासून किमान २.४४ मीटर, म्हणजे आठ फूट उंचीवर असावा असेही म्हटले आहे. लहान मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवण्यास ही उंची ठीक असली, तरी सहज पोहोचण्याच्या अटीशी तिचा मेळ शिडीशिवाय बसत नाही. या स्विचला चालू भार तोडण्याची क्षमता असलीच पाहिजे असे बंधन नाही. म्हणून तो ओढण्यापूर्वी ब्रेकरने भार बंद करणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरसंचांच्या नेट मीटरिंगसाठी २०१५ मध्ये व त्यांच्या जागी जाळ्याशी संलग्न छतावरील निर्मितीसाठी २०१९ मध्ये विनियम केले. त्यांनुसार मीटरपर्यंतच्या संचाच्या सुरक्षिततेची जबाबदारी ग्राहकाची आणि त्यापुढची वितरण कंपनीची आहे. कंपनीच्या यंत्रणेला वा माणसांना धोका असेल तर संच केव्हाही तोडण्याचा अधिकार कंपनीला आहे. बॅटरी असलेल्या संचात पुरवठा गेल्यावर बॅटरीची वीज जाळ्यात जाऊ नये अशी व्यवस्था, तसेच स्वयंचलित व हातचा असे दोन्ही विलगक असणे बंधनकारक आहे.

या सर्व तरतुदींचा रोख जोडबिंदूवर आहे. जोडबिंदूच्या अलीकडे, म्हणजे छतावरच्या डीसी तारांचे काय करायचे, हे जोडणीचे विनियम सांगत नाहीत.

आयलँडिंग

पुरवठा गेलेला असतानाही वाहिनीचा एखादा तुकडा स्थानिक निर्मितीवर जिवंत राहणे यास आयलँडिंग म्हणतात. अंधाऱ्या जाळ्यात उजेडाचे एक बेट तयार होते, म्हणून हे नाव. अशा बेटाची निर्मिती झाल्यापासून २ सेकंदांत सौरसंचाने वीज देणे थांबवावे असा प्राधिकरणाचा दंडक आहे.

बेट ओळखणे वाटते तितके सोपे नसते. एखाद्या डीपीवर दुपारी घरांचा एकूण वापर १० किलोवॅट आणि सौर निर्मिती २ किलोवॅट असेल, तर पुरवठा तुटताच दाब कोसळतो आणि इन्व्हर्टर लगेच बंद होतो. अवघड प्रसंग तो, जेव्हा वापर व निर्मिती योगायोगाने सारखी असते. मग पुरवठा तुटूनही दाब व वारंवारिता फारशी हलत नाही, आणि केवळ मोजमाप करणारा इन्व्हर्टर फसतो. त्यासाठी इन्व्हर्टर आपल्या बाजूने वारंवारितेला सतत किंचित ढकलून पाहतो. मागे मोठे जाळे असेल तर त्या ढकलण्याचा काही परिणाम होत नाही. बेट असेल तर वारंवारिता सरकत जाऊन मर्यादा ओलांडते व संच बंद होतो. याची चाचणी आयएस १६१६९ या भारतीय मानकानुसार मुद्दाम समतोल राखलेल्या भारावर घेतली जाते. ही चाचणी एका इन्व्हर्टरची असते. एकाच डीपीवर वेगवेगळ्या बनावटींचे अनेक इन्व्हर्टर असतील तर त्यांचे ढकलणे परस्परांना छेद देऊ शकते, ही अभ्यासकांनी पूर्वीपासून मांडलेली अडचण आहे. खेड्यातल्या छोट्या डीपीवर संचांची संख्या वाढत जाईल तसे तिचे महत्त्वही वाढेल.

ग्राहकांमध्ये या नियमाबद्दल मोठा गैरसमज आढळतो. भारनियमनाच्या वेळी घर उजळेल या अपेक्षेने संच बसवला जातो, आणि भर उन्हात वीज गेली की पंखाही बंद पडतो. बॅटरीविना जाळ्याशी जोडलेला संच पुरवठा नसताना बंद पडणे हा त्यातील दोष नाही. तसे न घडणे हा दोष ठरेल.

लाईनमनचे शटडाऊन

दुरुस्तीपूर्वी लाईनमन उपकेंद्राकडून वाहिनीचे शटडाऊन घेतो, फीडर बंद झाल्याची खात्री करतो, डीपीवरील स्विच उघडतो व फ्यूज काढतो. एवढ्यावर काम सुरू करणे सुरक्षा विनियमांत बसत नाही. तारेला हात लावण्यापूर्वी ती जमिनीला जोडून निर्विद्युत केली पाहिजे, असा दंडक आहे. त्यासाठी टेस्टरने तपासणी, मग डिस्चार्ज रॉड लावणे, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा एकत्र जोडून अर्थ करणे हा क्रम शिकवला जातो. दोन्ही बाजूंना हे शब्द छतावरील सौरनिर्मितीमुळे अधिक अर्थपूर्ण झाले आहेत. पूर्वी वीज एकाच दिशेने, उपकेंद्राकडून येत असे; आता ती घराच्या दिशेनेही येऊ शकते.

उलट्या विजेचा धोका डीपीच्या पलीकडेही जातो. ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही तितक्याच इमानाने काम करतो. लघुदाब बाजूस २३० व्होल्ट पोहोचले तर उच्चदाब बाजूस सुमारे १०,००० व्होल्ट उभे राहू शकतात. प्रत्यक्षात एका घराची निर्मिती अख्ख्या डीपीचा भार पेलू शकत नाही आणि दाब कोसळतो, हे खरे. परंतु वादळात झाड पडून तार तुटली आणि शेवटच्या दोन घरांचा तुकडा वेगळा पडला, तर तेथे भारही थोडा असतो व दाब टिकून राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. लाईनमनला कामाला बोलावले जाते ते नेमक्या त्याच तुकड्यावर.

प्रमाणित सौर इन्व्हर्टर योग्य स्थितीत असेल तर हा धोका फार कमी आहे. अधिक धोकादायक साधन जुनेच आहे, ते म्हणजे डिझेल जनरेटर. मेन स्विच न पाडता घरातील एखाद्या सॉकेटमधून जनरेटरची वीज आत सोडली की ती थेट खांबापर्यंत जाते, आणि त्याला थांबवणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते. अशा घरात सौरसंचही असला तर आणखी एक विचित्र प्रसंग ओढवतो. जनरेटरची वीज स्थिर असेल तर सौर इन्व्हर्टर तिलाच जाळ्याचा पुरवठा समजून ६० सेकंदांनी सुरू होतो. घरातील वापर कमी झाला की त्याची जादा वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते व जनरेटर बिघडतो. यावर उपाय चेंजओव्हर स्विचचा आहे. तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, आणि सौर इन्व्हर्टरची जोडणी जाळ्याच्या बाजूस राहावी. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये पुरवठा गेल्यावर चालणाऱ्या उपकरणांसाठी वेगळे टोक दिलेले असते; ते टोक आणि घराची मुख्य वाहिनी यांची कोठेही गाठ पडता कामा नये.

मर्यादांमध्ये केलेले फेरफार

ग्रामीण लघुदाब वाहिन्या लांब असतात. दुपारी वापर कमी व निर्मिती अधिक असली की वाहिनीच्या टोकाकडील घरांत दाब चढतो आणि २५३ व्होल्ट ओलांडताच इन्व्हर्टर बंद होतो. संध्याकाळी त्याच घरात दिवे मंद जळतात. निर्मिती बुडते म्हणून ग्राहक चिडतो. दाबाच्या मर्यादा इन्व्हर्टरमध्ये देशनिहाय भरलेल्या असतात व परवलीचा शब्द ठाऊक असलेल्या तंत्रज्ञास त्या बदलता येतात, म्हणून मर्यादा वाढवून घेण्याचा मोह होतो. त्यामुळे त्या घराची निर्मिती वाढते, पण शेजाऱ्यांच्या उपकरणांना अधिक दाब सोसावा लागतो आणि बेट ओळखण्याची खिडकीही रुंदावते. योग्य मार्ग म्हणजे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत पुरेशी जाड केबल वापरणे, डीपीवरील तिन्ही फेजवर संच सारखे वाटणे आणि सैल जोड घट्ट करणे. यांपैकी दुसरे काम महावितरणच करू शकते.

तत्काळ बंद होणे सर्वस्वी हिताचेच असते असेही नाही. जर्मनीत एकेकाळी सर्व लहान सौरसंचांना ५०.२ हर्ट्झला बंद होण्याचे बंधन होते. संचांची संख्या इतकी वाढली की त्या एका आकड्यावर ते सर्व एकदम बंद पडले तर जाळेच कोलमडेल, अशी भीती निर्माण झाली आणि २०१२ पासून जुन्या संचांत बदल करून घ्यावे लागले. लाईनमनच्या सुरक्षेसाठी संच लवकर बंद व्हावा आणि जाळ्याच्या स्थैर्यासाठी तो थोडा तग धरून राहावा, हा ताण जगभरच्या नियमांत दिसतो.

हाताने बंद करण्याचा क्रम

संच हाताने बंद करताना प्रथम इन्व्हर्टर व मीटर यांमधील एसी ब्रेकर खाली करतात. पुरवठा नाहीसा झाल्याने इन्व्हर्टर आपले काम थांबवतो आणि डीसी तारांतील प्रवाह शून्यावर येतो. त्यानंतरच डीसी आयसोलेटर फिरवतात; या क्रमामुळे तो भाराविना उघडतो व ठिणगी पडत नाही. पुढे इन्व्हर्टरमधील धारित्रांत साठलेली वीज निघून जाण्यास उत्पादकाने झाकणावर लिहिलेला वेळ, बहुधा काही मिनिटे, थांबावे लागते. झाकण उघडण्याचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे. सुरू करताना क्रम उलटा असतो.

उलट क्रमाने, म्हणजे चालू उन्हात आधी डीसी आयसोलेटर ओढूनही संच बंद होतो, आणि दर्जेदार आयसोलेटर ते सोसतो. हलक्या प्रतीचा आयसोलेटर असल्यास त्याचे संपर्कबिंदू जळतात. विजेच्या तारेतून धूर निघत असताना कोणता क्रम पाळावा हे आठवणे कठीण असते. म्हणून इन्व्हर्टरशेजारी हा क्रम मराठीत लिहून लावणे उपयुक्त ठरते. बाजारात मिळणाऱ्या सूचनापट्ट्या बहुधा इंग्रजीत असतात.

सौर कृषिपंपांना यांतील बरेच नियम लागू पडत नाहीत. ते जाळ्याशी जोडलेले नसल्याने आयलँडिंगचा प्रश्नच येत नाही. डीसी बाजूचा धोका मात्र तोच असतो, आणि तो शेतात, ओल्या जमिनीवर असतो.

आग आणि तत्काळ विद्युत्‌मुक्ती

इमारतीला आग लागल्यावर अग्निशामक दल पहिल्यांदा वीज तोडते. सौरसंच असलेल्या घरात मीटरजवळची वीज तोडल्यावरही छतापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा जिवंत राहतात, आणि त्या अनेकदा जिन्यातून वा भिंतीतून खाली आणलेल्या असतात. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की पॅनेल झाकण्यासाठी वापरलेल्या पातळ ताडपत्र्यांतून पुरेसा प्रकाश झिरपतो व धोकादायक वीज निर्माण होत राहते; दाट विणीचे गडद कापडच उपयोगी पडते. रात्रीच्या आगीत ज्वाळांच्या उजेडानेही पॅनेलमध्ये वीज निर्माण होऊ शकते.

या धोक्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने २०१४ च्या आवृत्तीत तत्काळ विद्युत्‌मुक्तीची अट आणली. २०१७ च्या आवृत्तीत ती कडक झाली. तीनुसार एक स्विच दाबताच ३० सेकंदांत पॅनेलसमूहाच्या बाहेरील तारांतील दाब ३० व्होल्टच्या आत आणि समूहाच्या आतील दाब ८० व्होल्टच्या आत आला पाहिजे. यासाठी प्रत्येक पॅनेलमागे एक लहान इलेक्ट्रॉनिक पेटी बसवतात, किंवा प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र सूक्ष्म इन्व्हर्टर देतात. खर्च वाढतो, आणि छतावरील जोडांची संख्याही वाढते.

जोड वाढणे ही क्षुल्लक बाब नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून दिसते. तेथे सुरक्षेसाठी प्रत्येक छतावर पॅनेलशेजारी डीसी आयसोलेटर बसवणे सक्तीचे केले होते. ऊन-पावसात या आयसोलेटरच्या पेट्यांत पाणी शिरू लागले, आणि आग टाळण्यासाठी बसवलेले साधनच अनेक आगींचे कारण ठरले. २०२१ च्या सुधारित मानकात ही सक्ती काढून टाकण्यात आली. बालाघाटातील उन्हाळा व वळवाचा पाऊस पाहता धाराशिवसारख्या जिल्ह्यात उघड्या छतावर प्लास्टिकची पेटी बसवताना हा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. छतावरून तारा थेट बाहेरच्या भिंतीने, धातूच्या नळीतून खाली आणून आयसोलेटर सावलीत बसवणे हा कमी खर्चाचा उपाय असून त्यामुळे घराच्या आतून जिवंत डीसी तार जातच नाही.

जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग व मुरूम येथे नगरपरिषदा आहेत. दूरच्या वाडीवस्तीवर शहरातून बंब पोहोचेपर्यंत पहिली धावपळ शेजाऱ्यांचीच असते. अशा वेळी पॅनेलवर वा इन्व्हर्टरवर बादलीने पाणी फेकणे प्राणघातक ठरू शकते. एसी ब्रेकर पाडणे, शक्य असल्यास डीसी आयसोलेटर फिरवणे आणि छताखालून माणसे व जनावरे बाहेर काढणे एवढेच अप्रशिक्षित माणसाच्या हाती असते.

जमीन, गारपीट आणि वीज कोसळणे

संच सुरक्षितपणे बंद पडण्यासाठी दोषाचा प्रवाह ओळखला गेला पाहिजे, आणि त्यासाठी अर्थिंग चांगले हवे. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा असून वर मुरूम वा उथळ काळी माती आहे. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडते, खड्ड्यातील ओल जाते आणि अर्थिंगचा रोध अनेक पटींनी वाढू शकतो. सौरसंचासाठी हा रोध ५ ओहमच्या आत असण्याची अपेक्षा असते. पावसाळ्यात मोजलेला आकडा त्यामुळे भ्रामक ठरतो. मोजणी उन्हाळ्यात व्हावयास हवी. टंचाईच्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे कोणाला परवडत नाही, म्हणून ओल धरून ठेवणारे मिश्रण भरलेले खोल इलेक्ट्रोड येथे अधिक उपयोगी पडतात. पॅनेलच्या चौकटी, इन्व्हर्टर आणि वीजरोधक यांचे अर्थिंग स्वतंत्र उतरवण्याची प्रथा आहे.

वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात विजा कोसळून माणसे व जनावरे दगावण्याच्या घटना दरवर्षी घडतात. वीज जवळपास पडली तरी लांब तारांत उसळी येऊन इन्व्हर्टर निकामी होतो; ती रोखण्यासाठी डीसी व एसी दोन्ही पेट्यांत उसळीरोधक बसवतात. उसळीरोधकाची खिडकी लाल झाली असेल तर त्याने आपले काम एकदा केलेले असते व तो बदलावा लागतो.

फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्यातील पिके झोपवली होती. अशा गारपिटीत काच तडकलेले पॅनेल वीज निर्माण करणे थांबवत नाही. तड्यातून पाणी आत गेले की चौकट व आधाराचे खांब यांत वीज उतरू शकते. सकाळी इन्व्हर्टर रोधनाचा दोष दाखवून सुरू होण्यास नकार देतो, आणि ग्राहक तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहतो. दुपारपर्यंत पॅनेल वाळली की संच सुरू होतो व तक्रार विसरली जाते. हा दोष दाखवणारा इन्व्हर्टर बिघडलेला नसून आपले काम करीत असतो. सूर्यघर योजनेखालील संचांच्या देखभालीची जबाबदारी पाच वर्षे पुरवठादारावर असल्याने अशा वेळी त्यास बोलावून मालिकेतील दोषी पॅनेल शोधून घेणे ग्राहकाच्या हक्काचे आहे.

अपघाताची सूचना

विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ नुसार विजेमुळे माणूस वा जनावर दगावल्यास किंवा जखमी झाल्यास त्याची सूचना द्यावी लागते. यासंबंधीच्या २००५ च्या नियमांत घटना कळल्यापासून २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकास कळवण्याची तरतूद आहे. सौरसंचामुळे घडलेला अपघातही यात मोडतो. निरीक्षकाची पाहणी होईपर्यंत तारा, आयसोलेटर व इन्व्हर्टर जसेच्या तसे राहू देणे तपासाच्या दृष्टीने आवश्यक असते, कारण इन्व्हर्टरच्या स्मृतीत बंद पडण्याची वेळ व कारण नोंदलेले असते.